पाणी सारखं होईपर्यंत

एकतीस वर्षं माझा भाऊ क्लाइव
कालव्यावर दारं उघडत होता.
यॉर्कशरचा डोंगर
होड्यांना पायरीपायरीने चढवायचा.
दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय
दार हलत नाही, म्हणायचा, दहाजणांनी रेटा;
झालं, की लहान पोरगी पाठ लावते
आणि उघडतं.

आधी त्याचा अंगठा गेला.
मग शर्टाची बटणं.
मग जोडाक्षरं.
ब्रेंडाची मी बेंडा झाले, आणि आम्ही दोघं
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो,
कारण चार वर्षांचा असताना तो हेच म्हणायचा.

कारण प्रत्येकाला त्याने वेगळं दिलं.
डॉक्टरांना: गिळणं बंद होईल ते दिवस नकोत.
पाद्रीबाईंना: देवाशी माझं मी बघून घेईन.
गॉर्डनला, पबमध्ये, डाव्या हाताने पाटीवर: कंटाळलो रे.
मला: तुझी कंबर.

माझी कंबर!
सत्तराव्या वर्षी त्याला टबातून उचलणारी,
तिला कुणी विचारलं होतं?
तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
आता ते तीन दिवस
रात्री उठून मोजते.

लोक म्हणतात, मार्चमध्येच का?
अजून चमचा धरत होता की.
म्हणूनच.
चमचा धरवतो तोवरच विमान धरता येतं,
आणि तिकडे शेवटचं काम
ज्याचं त्यालाच करावं लागतं.
हे आमच्या मागच्या खोलीत होऊ शकलं असतं
तर तो ऑगस्टपर्यंत थांबला असता,
कुंपणावरच्या ब्लॅकबेऱ्या काळ्या होईपर्यंत.
मरणाची घाई नव्हती त्याला.
घाई प्रवासाची होती.

बाझलला, आदल्या दुपारी,
ऱ्हाइनवरचं दार दाखव म्हणाला
(म्हणाला म्हणजे पाटीवर).
केवढं ते! आमची अख्खी गल्ली मावेल अशी मालबोट
आत आली, थांबली, हळूहळू खाली गेली.
वर काचेच्या खोलीत एक माणूस
सफरचंद खात बटणं दाबत होता.
क्लाइवने नाक मुरडलं. मग घड्याळ बघितलं.
वीस मिनिटं, लिहिलं. वाईट नाही.
मग पाटी पुसून, खूप वेळ घेऊन:
भीती वाटली तर परत जा, म्हणालेत.
वाटते? मी विचारलं.
तो माझ्या कोटाचं वरचं बटण
लावायचा प्रयत्न करत राहिला.

घरी आल्यावर एक पोरगेला पोलीस आला, वही घेऊन.
हेतू काय होता?
कुणाचा, मी म्हटलं.
त्याने एक बिस्किट घेतलं.

मे महिन्यात सुट्टीवरची माणसं होडी घेऊन आली,
त्यांना हँडल जमेना.
मी गेले. फिरवलं. दाराला पाठ लावली.
हललं नाही.
अजून हातभर फरक होता, मला दिसत होता.
थांबूया ना जरा, त्यांची मुलगी म्हणाली.
थांबू, म्हटलं,
पण पाठ काढली नाही.