मालक यायचा आहे

मानोऱ्याच्या यार्डात, तेवीस नंबरच्या गाळ्याला
दोन कुलुपं होती. एक झंवरचं, एक माझं.
एकोणीस वर्षं
जो आधी येई तो पायरीवर बसून राही.
बहुतेक तोच,
तंबाखूच्या पुडीवर कालचा भाव लिहून आणलेला.

आता लोक विचारतात, भांडण कशावरून झालं.
हमाल विचारतात, मापारी विचारतो,
"कावून गा उमेकर, काही तरी असनच ना."
भांडण झालं असतं
तर सांगायला सोपं होतं.

मालाची ओल सांगायची, ते माझं काम.
मूठभर सोयाबीन कानाशी हलवायचं,
बारा, फार तर साडेबारा.
मशीन मागाहून तेच बोले.
'नाही' म्हणायचं काम त्याचं.
हर्रासात बोली करून गेलेला व्यापारी दुपारी परत येई,
माल काळा पडलाय, क्विंटलमागं पन्नास तोडा म्हणे.
मी म्हणे, बघू.
झंवर पानाची डबी मिटे, टक्,
आणि म्हणे, नाही जमत, भाऊसा.

मग मोनाली येऊन बसू लागली.
टॅली शिकून आलेली,
आमच्या बेरजांमधले जुने उंदीर तिनं आठवडाभरात पकडले.
सहा वाजले की तो तिला म्हणे,
बेटा, घरी जा आता, हिशेब आम्ही पाहून घेतो.
प्रेमानं म्हणे.
तीन वर्षं, प्रेमानं.
एकदा ती उठलीच नाही.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
पंखा तेवढा फिरत राहिला.

वाटणी एका रात्रीत झाली.
काटा त्याला, तिजोरी मला.
तिची किल्ली अडकते, उजवीकडं दाबून फिरवायची,
हे त्यानं तीनदा सांगितलं,
जसं काही मला माहीतच नव्हतं.
बत्तीस खेड्यांच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेला मोबाइल नंबर
त्याच्याकडं राहिला.
येणं अर्धं-अर्धं. बुडालेलं येणं मात्र
दोघांनी मिळून फाडलं,
एकेक चिठ्ठी वाचत, हसत,
हा आठवतो का, बैल विकून जिलबी खाणारा?

शेवटी कोपऱ्यात उरला एक कट्टा.
तूर. नोटाबंदीनंतरच्या जानेवारीतली.
कोणीतरी उतरवून गेला, चहा पिऊन येतो म्हणाला,
नाव नाही, पावती नाही, तो आलाच नाही.
भुंगा लागू नये म्हणून
दर हंगामात आम्ही जुनी विकून नवी भरत आलो.
झंवर म्हणाला, हा तूच ने.
तो आलाच तर तुझ्याकडं येईल.
मला लोक हिशेब विचारतात,
तुला पत्ता विचारतात.

नवा गाळा एकोणचाळीस नंबरचा.
पाटीचा रंग अजून ओला: उमेकर आणि कन्या, अडत दुकान.
पेंटरनं दोनदा विचारलं होतं, 'सन्स' ना?
शटरला एकच कुलूप.
किल्ली खिशात घेऊन मी पायरीवर बसलो,
बसूनच राहिलो.
मोनाली म्हणाली, बाबा, कोणाची वाट पाहताय?

दुपारी मंगरूळचा व्यापारी आला.
हरबऱ्यात खडे निघाले, पन्नास तोडा.
'बघू' माझ्या ओठांवर आलंच होतं,
तेवढ्यात तिनं कॅल्क्युलेटरचं झाकण मिटलं, टक्,
नाही जमत, भाऊसा.
तोच सूर. तोच मधला थांबा.
सहाच्या आत ती किती शिकून गेली होती.

संध्याकाळी सात वाजून गेले.
यार्डात कुटार उडत होतं, तेविसाव्यातला दिवा दिसत होता.
तिनं नव्या वहीला कुंकू लावलं,
पहिली नोंद काय करू विचारलं.
मी सांगितलं, तिनं लिहिलं:
तूर, एक कट्टा.
मालक यायचा आहे.