पांढऱ्या दगडावरची रेघ

आमच्या बंदरात दगड पांढरा.
त्यावर छिन्नीने ओढलेली रेघ आधी दिसतही नाही,
हिंगूळ भरला की दिसते,
जखम धुतल्यावर दिसावी तशी.

मी अक्षरं कोरतो. बाप कोरायचा, त्याआधी त्याचा मामा.
करार, कर, देवीला कुणी किती तेल वाहिलं,
लढाईवरून न आलेल्या पोरांची नावं.
राजाचा हुकूम मात्र चौकात, उभ्या शिळेवर,
वाचता न येणाऱ्यालाही धाक बसेल असा.

त्या वर्षी पलीकडच्या बेटावर ताप आला.
थ्रासिलाओस म्हणाला, लिही :
तिकडून आलेलं गलबत धक्क्याला लागणार नाही.
कोणाचंही.
मी विचारलं, कोणाचंही?
तो म्हणाला, तो शब्द जरा खोल जाऊ दे.

गेला. करंगळीचं नख बुडेल इतका.

माणूस वाईट नव्हता.
हे कोरायला मला कुणी सांगणार नाही, म्हणून इथे बोलतो.
दुष्काळात त्याने घरचे सातू वाटले,
स्वतः माप हातात धरून,
आणि सख्ख्या बहिणीला एक मूठ जास्त दिली नाही.
तेव्हा आम्ही वाहवा केली.
तेव्हाच भ्यायला हवं होतं.

द्राक्षं उतरवून झाल्यावर एक गलबत आलं,
शिडाला माशाच्या आकाराचं ठिगळ.
ते ठिगळ सगळं गाव ओळखत होतं,
अल्किमोसच्या आईच्या हातचं.
राजाचा एकुलता अल्किमोस.
दोन दिवस साखळीबाहेर उभा.

स्पंज काढणारा मिक्किओन पोहत जाऊन बघून आला :
अकरा माणसं, अकराही उपाशी, ताप एकालाही नाही.
राजा म्हणाला, ताप आहे का ते कुणी विचारलं?
कुठून आलं, एवढंच दगड विचारतो.
आईने धक्क्यावर चूल मांडली,
भाकरी भाजत राहिली,
निदान वास तरी पाण्यावरून जावा.
वारा मात्र उलटा होता.

तिसऱ्या रात्री माझं दार वाजलं.
राजा. एकटा. वहाणा हातात.
'दगडातला एक शब्द काढता येतो का रे?'

आता खरं सांगतो. येतो.
ओली वाळू घ्यायची, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड घ्यायचा,
रात्रभर घासायचं.
पहाटे नुसता खळगा उरतो,
चुन्यात संगमरवराची पूड कालवली की तोही बुजतो.
बापाने शिकवलं होतं.

पण तो शब्द मला साधला होता.
आयुष्यात एकदा साधतो तसा.
शेवटचा गोल तर दोरी न लावता, नुसत्या हाताने.
परगावचे कारागीर येऊन त्यावर बोट फिरवून जायचे.
मी म्हटलं, 'राजा, डाग राहील.'

'डाग,' तो म्हणाला.
आणि माझ्या छिन्न्यांकडे बघत बसला,
जन्मभर हुकूम देणाऱ्याला
एकदा कुणीतरी हुकूम द्यावा, असा.
मी दिला नाही.
त्याच्याही तोंडून निघाला नाही.
दिव्यात तेल माझं जळत होतं,
तेवढं मला कळत होतं.

मग वहाणा घालून तो गेला. पायऱ्या उतरताना
मोठ्याने, कुणाला तरी ऐकू जावं म्हणून, खाकरला.

पहाटे वारा दक्षिणेचा झाला.
आधी फळ्या आल्या. मग ते ठिगळ.

नंतरची नऊ वर्षं त्याने राज्य केलं,
येईल त्या गलबताला वाट दिली,
शिळेला हात लावू दिला नाही.

आता ती आडवी पडलीय. बायका तिच्यावर लोकर आपटतात.
गलबत झिजलं, धक्का झिजला, बेटाचं नाव गेलं.
तो एक शब्द तेवढा पाणी धरून राहतो.
दुपारी चिमण्या येतात, त्यातून पितात.
कुठून आल्या, कुणी विचारत नाही.