अकरा

ये शालन, बस जरा. वही उघड,
मी सांगतो तसं लिहून घे.
पुण्याहून आलेल्या मेट्रन मॅडम अजून हसतात,
बाई असून 'सांगतो' काय, 'जातो' काय.
म्हटलं, मॅडम, कोल्हापुरात बायका अशाच बोलतात,
आणि रात्रपाळीत तेवढं बघायला वेळ कुणाला.

पुरुषांकडं एकतीस. बायकांकडं अठ्ठावीस,
त्यातल्या पाच खाली, दोन खाटांच्या मधे,
पाय बघून टाक.
उज्ज्वला डेप्युटेशनवर, म्हणून मधलं दार उघडं ठेवून
दोन्हीकडं मी एकटीच होतो.

नऊ नंबर, गंगावेशीतला तालमीचा गडी.
गळपट्टीचं हाड मोडलंय, वजन एकशे दहा,
सुई दिसली की डोळे गच्च मिटतो
आणि माझ्या एप्रनचं टोक मुठीत धरतो.
त्याच्या दोस्तानं रात्री कट्ट्यावरनं दूध आणलं,
फेसाचं, कोमट. 'सिस्टर, घ्या की वाईच.'
घेतलं. अर्धा पेला.
हे वहीत लिहू नको.

सतराचं सलाईन साडेआठला संपेल.
बावीसचा रिपोर्ट लॅबनं दिलाच नाही, दोनदा फोन केला,
तिसरा तू कर, तुझा आवाज मोठा आहे.
हातमोज्यांचा एकच खोका.

ड्रॉवरमध्ये एक फॉर्म आहे.
नर्सिंग कॉलेजची पोरगी देऊन गेली,
कामात समाधान आहे का, एक ते पाच, गोल करा.
पेन टेकवलं आणि कुणीतरी ओकलं.
तुला वेळ मिळाला तर भर.

बायकांकडची सहा नंबर.
थांब, हे लगेच लिहू नको.

गोजराबाई, गगनबावड्याकडची.
पावणेचारला गेली.
डॉक्टर खाली, ट्रकखालून काढलेल्या पोरांत अडकलेले.
वीस मिनिटं मीच छाती दाबत होतो,
बरगडी मोडल्याचं हाताला कळलं.
म्हाताऱ्याला उठवायला पाठवू कुणाला?
नऊ नंबर दारात उभा होता, एक हात झोळीत.
अनवाणीच गेला व्हरांड्यात.

मग मी हनुवटी बांधली. मुरणी काढली, जोडवी काढली,
दागिने उतरवून नोंद करायची, नियम आहे.
बांगड्या निघेनात, हात सुजलेले.
साबण लावून एकेक काढली,
जितं माणूस कळवळेल म्हणून काढतात तशी, हळू.
बारावी माझ्या हातात फुटली.
पाकिटावर लिहिलं: काचेच्या, हिरव्या, अकरा.

म्हातारा आला. पाकीट बघितलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, 'सवाष्ण गेली न्हवं का ती, बाई.
रित्या हातानं कशी धाडू?'

नियम मला पाठ आहे, शालन.
मी परत साबण घेतला.
चढवायला उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
तो शेजारी बसून तिचं मनगट धरून होता,
बारावीचं त्यानं विचारलं नाही.
जाताना म्हणाला, 'रात्रभर उभ्या हाईसा.
जेवलासा काय?'

सात वर्षांत पेशंटच्या माणसानं
मला हे पहिल्यांदा विचारलं.
मी हो म्हटलं.

तर रजिस्टरमध्ये खाडाखोड दिसेल, ती माझी.
मेट्रननं विचारलं तर माझं नाव सांग.
तशी परवा माझी ऑर्डर संपतेच,
अकरा महिने झाले.
एक दिवस घरी बसायचं, कागदावर मी नव्हतोच असं,
आणि तेरवा परत नवीन म्हणून रुजू.
पगार मार्चपर्यंतचा आलाय, जून निम्मा सरला.

बोटात काच गेलीय बारीक.
चिमटा असला तर... नको, राहू दे,
कळंब्याची बस चुकली तर पाऊण तास बसावं लागेल.
घरी उजेडात काढतो.
नऊ नंबरचं दहाचं इंजेक्शन विसरू नको,
एप्रनचं टोक देऊन ठेव त्याच्या हातात आधीच.

किल्ल्या घे. इथं सही कर.
येतो.