अकरा अकरे

मार्केटयार्डात शफीक बागवानांच्या गाळ्यावर
मी हिशेब लिहिते.
डिसेंबरात मँगोस्टीन आले,
खोक्यावर कुठल्या तरी बेटाचं नाव,
दोन दबलेले होते, ते मला दिले.

बुडाशी एक फूल कोरलेलं असतं त्याच्या.
जितक्या त्या फुलाला पाकळ्या, तितक्याच आत फोडी.
मोजल्या: सहा. फोडलं: सहा.
आतला आकडा बाहेर लिहून ठेवणारं फळ,
आमच्यासारख्या बाईला पटलंच.

जाड फोडीत बी होतं. दोन फळं, दोन बिया.
"लावू नका ताई," शफीकभाई म्हणाले,
"गारठ्यातून आलेला माल हा, बी मेलेलं असतं.
आपण फळ वाचवतो. झाड नाही वाचवत."

मी तरी ओढणी फाडली, ओली केली,
श्रीखंडाच्या डब्यात दोघांना निजवलं,
वर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख,
पावतीवर टाकते तशी.

बिबवेवाडी, तिसरा मजला, गॅलरी उत्तरेला.
पहाटे अकरा अंश.
भाड्याच्या घरात ऊब दोनच ठिकाणी:
गीझरच्या माथ्यावर, तिथं हात पोचत नाही,
आणि वाय-फायच्या डबीवर.
डबीवर ठेवलं.
रात्री उठले की हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा
आणि उगाच वाटायचं, चाललंय काहीतरी.

आपण मटकीला मोड आणणारी माणसं.
रात्री फडक्यात बांधायची,
सकाळी शेपट्या, दुपारी उसळ.
धीर म्हणून मला एवढाच माहीत.
आठव्या दिवशी उघडून पाहिलं. दहाव्या. अकराव्या.
विसाव्या दिवशी बुरशी, पांढरी, मांजराच्या मिशीसारखी.
धुतलं. पुसलं. पुन्हा निजवलं.

करमाळ्यात कोयी उकिरड्यावर रुजायच्या,
कुणी तारीख घालत नव्हतं.
आषाढात तांबूस कोंब वर आला
की आम्ही तो उपटायचो,
कोय दगडावर घासायची, ओठाला लावायची, पुंगी!
एका सुट्टीत मी
अख्खी आमराई फुंकली असेल.
तेव्हा कुणी ओरडलं नाही.
आता मीच ओरडते मला,
हात लावू नकोस, झोपू दे त्याला.

त्रेचाळिसाव्या दिवशी
एका टोकातून कोंब, लालसर,
दुसऱ्या टोकातून मूळ.
एकाच घरातली दोघं
पाठीला पाठ लावून निघालेली.

गाळ्यावर सांगितलं. शफीकभाईंनी तराजू थांबवला.
"फळ कधी?"
"दहा वर्षं. जगलं तर."
ते हसले नाहीत. "मग तेव्हा भाव विचारीन," म्हणाले,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाची संत्री तोलायला घेतली.

फेब्रुवारीत ढमढेरेंनी निरोप धाडला,
पुतण्याचं लग्न ठरलंय, करार वाढवणार नाही.
बरोबर आहे त्यांचं. कागदावर अकराच महिने होते.
कागदावर पंखे तीन, ट्यूब चार, गीझर एक.
मी पेन घेऊन बसले:
दहा वर्षं म्हणजे एकशेवीस महिने.
अकरा अकरे एकशे एकवीस.
म्हणजे अकरा घरं, अकरा अनामती,
आणि हिशेबात एक महिना शिल्लक,
आंबटगोड.

टेंपो धायरीकडे निघाला.
गादी, कपाट, शेगडी मागे.
पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर
कापलेली पाण्याची बाटली, बाटलीत माती,
मातीवर दोन पानं, जाड, चकचकीत,
प्रत्येक गतिरोधकाला मान डोलवणारी.
"लिंबू का?" त्यानं विचारलं.
"हो," म्हटलं. एवढ्या लांबचं
कोण समजावणार सिग्नल सुटेपर्यंत.

नव्या घरी आधी वाय-फायची डबी जोडली.
पंखा नंतर. गॅस उद्या.
दुसरं बी अजून ओढणीतच आहे.
दाबून पाहिलं: मऊ नाही. कडकही नाही.
पट्टीवरची तारीख पुसट झाली होती,
तीच पुन्हा गिरवली.