दार इथं नव्हतं

शनिवारी पहाटे पावणेपाचला शारजाहून निघालो,
तीन गाड्या, अकरा कॅमेरे,
खांबेटेंच्या डिकीत फॉइलमधली थालीपिठं.

रास अल खैमाच्या अलीकडे
मोती काढणाऱ्यांचं एक गाव आहे.
माणसं कधीच उठून गेली,
घरं आता पुन्हा उभी केलीत.
भिंती प्रवाळाच्या. जवळ गेलं की
दगडात शिंपले दिसतात, आणि एका कोपऱ्यात
गिलाव्यात राहून गेलेली चार बोटं,
कुणा गवंड्याची, यंदाचीच.

खांबेटे म्हणाले, हा उजेड वीस मिनिटांचा,
बोलण्यात घालवू नका.
बिल्वा टिल्लू जमिनीवर पालथी पडून
मनोऱ्याच्या सावलीचं टोक शोधत होती.
मी एक दार धरून बसले,
नव्या खिळ्यांचं, जुन्या रंगाचं.

तेवढ्यात चौकटीत एक म्हातारा येऊन उभा.
पांढरा कंदुरा, हातात गाडीची किल्ली.
हलेचना.
मी हातानं खुणावलं, जरा बाजूला.
तो म्हणाला, "दरवाजा इधर नहीं था.
इधर खिडकी."
तळहात छातीशी धरला,
मग काहीतरी आठवून कमरेशी आणला.
"अम्मा चिल्लाती, हम कूदता."

मग दार कुठं होतं, खांबेटेंनी विचारलं.
म्हातारा हसला.
"मालूम नहीं. हम तो खिडकी से जाता था."

घरी येऊन पाहिले : तीनशे बारा फोटो,
स्वच्छ, सरळ, रिकाम्या दारांचे.
एकच हललेला.
कमरेशी धरलेला हात,
आणि त्याखाली कुणी नाही.
काढून टाका, खांबेटे म्हणाले, शटर कमी पडलंय.

परवा रोल्यावरून जात होते.
आमची इमारत होती तिथं आता पार्किंग.
चौथा मजला, चारशे सात.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा,
अबीर पाच वर्षांचा, सहाचा, साडेसहाचा.
सोडताना आम्हीच रंग मारला त्यांवर,
दोन हात,
डिपॉझिट पूर्ण परत मिळावं म्हणून.
मिळालं.

गाडीतून उतरले नाही.
काच खाली केली, हात बाहेर काढला,
आणि चौथा मजला कुठवर येईल
त्याचा अंदाज घेत राहिले.
उंच, अजून थोडा उंच.
मागचा हॉर्न वाजवत होता.