अंजीर भरलेलं

पादोवाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
बोर्तोलोचं पोट फुगलंय पखालीसारखं,
डोळ्यांतलं पांढरं हळदीत बुडालेलं.
डॉक्टरीणबाई पडद्याआड त्याच्या मुलाशी बोलते, हळू,
पण एक शब्द पडद्याला जुमानत नाही:
फेगातो.

स्मारांडा शेजारच्या खाटेची चादर बदलतेय.
बोतोशानीहून बसनं दोन दिवस, इथे येऊन सात महिने,
इटालियन अजून उसनी, वाणसामानापुरती.
या शब्दाशी मात्र ती थबकते,
परमुलखात कुणी घरातल्या नावानं हाक मारावी तशी.
फिकात, ती पुटपुटते.
तिच्याकडे जोर शेवटावर, यांच्याकडे सुरुवातीला,
मधला क इथल्या दमट हवेत ग झालेला.
दुखायची जागा तीच. उजव्या बरगडीखाली.

"काय म्हणालीस?"
"काही नाही. तुमचाच शब्द. माझ्या आईच्या तोंडचा."

मुळात हा शब्द अवयवाचा नव्हताच.
रोममध्ये, कुठल्याशा मुदपाकखान्यात,
एक गुलाम हंसिणीच्या घशात अंजिरं कोंबत होता,
कारण मालकाला तिचं सुजलेलं, गोडसर येकुर हवं होतं.
येकुर हा जुना शब्द, भारदस्त.
पुरोहित मेंढ्याचं येकुर तळहातावर धरून
लढाईचा निकाल वाचत.
गुलामाला कसली लढाई? त्याला घाई.
येकुर फिकातुम, अंजीर भरलेलं येकुर, असं म्हणता म्हणता
तो नुसतंच म्हणू लागला, फिकातुम.
वाढप्यानं ते उचललं, खाटकानं उचललं,
शिपायांनी पडशीत घालून लांब लांब नेलं,
आणि पुरोहिताच्या हातातलं येकुर
कधी गार झालं, कळलंही नाही कुणाला.
ज्यानं जन्मात अंजीर पाहिलं नाही
त्याच्याही पोटात आता अंजीर भरलेलं.

पुढे ज्याच्या जिभेला जसं झेपलं तसं.
पिरेनीजपलीकडे फ वाऱ्यावर गेला, उरलं इगादो.
फ्रेंचांनी चघळून चघळून एका घासाचं केलं: फ्वा,
आणि भीतीनं गाळण उडाली की तेच पुढे करतात.
इथे उलटं. ज्याच्याकडे फेगातो, त्याच्यात धमक.

बोर्तोलोत होती.
क्योज्जाच्या धक्क्यावर बोरा वारा दोर तोडत असताना
हा एकटाच होडी सोडायचा,
आणि मागे उरलेले म्हणायचे, फेगातो आहे गड्याकडे.
"होतं," तो म्हणतो, "ग्राप्पात भिजत घातलं."

स्मारांडा हसत नाही.
मार्चमध्ये तिचा बाप याच फिकातनं गेला,
परसातल्या आलुबुखारांच्या दारूनं.
अंत्ययात्रेतली घंटा तिनं फोनवर ऐकली,
बाहेर, कपडे धुवायच्या खोलीत, यंत्र चालू असताना.

हे लिहिताना माझंच अडतं.
खाटकाकडे मी कलेजी म्हणतो,
तुटतं ते काळीज,
आणि रक्ताच्या रिपोर्टवर, छापील, परकं: यकृत.
यकृत.
येकुर.
पुन्हा म्हणून पाहा.
रोमच्या लेकींनी एकजात टाकून दिलेला तो शब्द
आपल्याकडे पॅथॉलॉजीच्या कागदावर जिवंत आहे,
त्याला कुणी जेवायला बोलावत नाही, एवढंच.

सप्टेंबर. स्मारांडा बाजारातून चार अंजिरं आणते,
कागदाच्या पुडीत, एक फुटलेलं.
परिचारिका बघत नाहीये असं बघून
बोर्तोलो अर्धं खातो.
आपण काय खातोय, कुणाचं नाव खातोय,
त्याला माहीत नाही. तिलाही नाही.
बिया कवळीखाली अडकतात.
तो क्योज्जाच्या बोलीत एक शिवी हासडतो,
आणि ती, कुणी न शिकवता,
तिला लगेच कळते.