मंगळवार, सात ते आठ

सोहारच्या क्लबात मंगळवारी सात ते आठ
काचांना आतून निळं कापड लावतात
आणि दारावरचा रखवालदार पाठ करून बसतो.
तो एक तास तलाव बायकांचा.

ऑगस्टात इथलं पाणीही भाजतं.
घरी आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि त्यात साठलेलंच गार म्हणून अंगावर घेतो.
क्लबात मात्र यंत्र लावून तलाव निववतात.
त्याची घरघर ऐकत
दांडीला लटकून मी पहिली पायरी उतरले,
बावन्नाव्या वर्षी.

मला पोहता येत नाही.
दारव्ह्याला आमच्या मळ्यात विहीर होती.
भाऊ पाठीला वाळला भोपळा बांधून उडी घ्यायचे,
आम्ही बहिणी काठावर,
त्यांचे सदरे सांभाळायला.

जोसलिन म्हणाली, सिस्टर, पोहायचंय कुणाला?
चालायचं. छातीइतक्या पाण्यात,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
टाच आधी.

बावीस वर्षं मी माणसं उचलली,
पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून पलंगावर,
एक, दोन, तीन, उचल.
मणक्यातल्या दोन चकत्या
त्या मोजणीत कधीतरी चार म्हणाल्या.
आता पाण्यानं मला उचललं,
काही न मोजता.

सोबत कोण कोण!
रीम शाळेत शिकवते, लांब पल्ल्याच्या शर्यती धावते,
पाण्यात पाय असे मारते
की तलावाशी तिचं जुनं भांडण असावं.
फार्मसीतली शैलजा, सातवा महिना,
पोट पाण्याच्या हवाली करून
घटकाभर रजेवर.
आणि उम्म खलफान.
तिचा वॉकर काठावर उभा,
बांधलेल्या शेळीसारखा तिच्याकडे बघत.

पहिल्या दिवशी मनात आलं,
चौघींना एकच व्यायाम कसा पुरणार?
जोसलिननं माझा तळवा पाण्याखाली आडवा धरला.
हळू ढकल.
हळूच अडवलं.
आता जोरात.
पाणी भिंत झालं.
वजनं बदलायला नकोत, बटणं दाबायला नकोत,
जिची जेवढी ताकद
तेवढंच पाणी तिच्या वाट्याला.
आईचं वाढणं असं असायचं,
ताटाकडे नाही, तोंडाकडे बघून.

तिसऱ्या मंगळवारी उम्म खलफान धावली.
म्हणजे स्वप्नात धावतो तशी,
काळा झगा मागे फुगलेला,
दोन्ही हात वल्ह्यांसारखे,
आणि अरबीत मोठ्यानं काहीतरी.
रीमला हसू आवरेना.
"म्हणतेय, सुनेला बोलवा माझ्या, आत्ताच्या आत्ता."

शिडीवर मात्र हिशेब होतो.
पहिल्या पायरीला काही कळत नाही,
दुसरीला कंबर ओळख दाखवते,
तिसरीला सगळं वजन परत,
शिवाय ओल्या कपड्यांचं.
उम्म खलफान शेळीला धरून
दोन पावलं, थांबा,
दोन पावलं.

फार काही झालेलं नाही.
परवा ड्यूटीला निघताना
बुटाची नाडी मी उभ्यानं वाकून बांधली
आणि लिफ्टपाशी गेल्यावर ते लक्षात आलं.

दादाला फोनवर सांगितलं, पाण्यात उतरते हल्ली.
"पोहायला शिकलीस?"
नाही रे. पण इथे कुणाचे सदरे
सांभाळायचे नव्हते.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
कान नीट पुसत जा.